दवंडी, नोटीस की अचानक भेट? शेत पाहायला सरकार येतं तेव्हा...

बंगळुरूत राहायला आल्यावर कोणी न शिकवता मला कळलेले पहिले दोन कन्नड शब्द म्हणजे 'पहणी' आणि 'मोजिणी'.

बसवनगुडीत आम्ही तिघी मैत्रिणी एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक काका-काकू. काकांची तुमकुरूकडे थोडी शेती आहे, रागीची आणि नारळाची. सकाळी मी ऑफिसला निघते तेव्हा ते जिन्याखाली उभे राहून गावाकडे फोन लावत असतात. माझं कन्नड अजून 'स्वल्प स्वल्प'च्या पलीकडे गेलेलं नाही. पण एक दिवस त्यांच्या बोलण्यात हे दोन शब्द आले आणि मी पायरीवरच थांबले. पाहणी आणि मोजणी! हे तर आपलेच शब्द! मग कळलं, कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्यालाच 'पहणी' म्हणतात. आपला सातबारा, त्यांची पहणी. आणि जमीन मोजून घेण्यासाठी अर्ज करायची जी सरकारी ऑनलाइन व्यवस्था आहे, तिचं नावच 'मोजिणी'.

त्या दिवशी मला गंमत वाटली होती. गेल्या वर्षी मात्र यातल्या पहिल्या शब्दाने आमच्या घरातल्या सगळ्यांची झोप उडवली.

कागदावर 'पड', खळ्यात पोती

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. साडेतीन एकर रान, पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेरणी, कोळपणी सगळं व्यवस्थित झालं होतं आणि अचानक बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना इथे बंगळुरूला आणलं. तपासण्या, बायपास, मग घरी विश्रांती. आईही सोबत होती. दीड महिना आमच्या घरात औषधांच्या वेळांशिवाय दुसरा विषय नव्हता.

तिकडे गावात पीक पाहणीची मुदत सुरू होती. बाबांना वाटलं, काका करतील. काकांना वाटलं, बाबांनी दवाखान्यात जायच्या आधीच केली असेल. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. ज्यांची नोंद राहिली होती त्यांची नोंद नंतर कोणीतरी केली. त्या वेळी आमच्या बांधावर घरचं कोणीच नव्हतं.

ऑक्टोबरात बाबा गावी परतले. सोयाबीन मळून झालं होतं, पोती भरून पडवीत रचली होती. हमीभावाने विकायचं तर केंद्रावर नाव नोंदवावं लागतं आणि त्यासाठी सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद लागते. बाबांनी उतारा काढला. पिकाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पड'. पड म्हणजे न पेरलेली, मोकळी ठेवलेली जमीन.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. दुरुस्तीसाठी हेलपाटे घालण्याची बाबांची तब्येत नव्हती. माल व्यापाऱ्याला दिला, क्विंटलमागे हजारभर रुपये कमी घेऊन. फोनवर बाबा पैशांबद्दल फार बोलले नाहीत. म्हणाले, "पैसे काय गं, येतात-जातात. पण मी रान पडीक ठेवलं असं कोणीतरी लिहून गेलं आणि मला साधं विचारलंही नाही."

बाबांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चूक कोणाची, हे मी शोधत बसले नाही. त्यात आमचा आळसही होताच. पण एक प्रश्न मात्र पडला. आपलं शेत पाहायला सरकारचा माणूस येणार असेल, तर ते आपल्याला आधी कळायला हवं की नको? आणि हवं असेल, तर किती दिवस आधी?

नियमात दवंडी आहे!

वाचायला बसले तेव्हा मला वाटलं होतं, असा काही नियमच नसेल. पण आहे, आणि चांगला जुना आहे.

महाराष्ट्रात गाव नमुने कसे लिहायचे, याचे नियम १९७१ साली झाले. सातबाऱ्यातला 'सात' म्हणजे गाव नमुना ७, त्यात जमीन कोणाची हे असतं. 'बारा' म्हणजे गाव नमुना १२, त्यात पीक कोणतं हे असतं. या बाराव्या नमुन्यासाठी जी पाहणी करायची, तिच्याबद्दल नियम ३० सांगतो की तलाठ्याने पाहणीची तारीख किमान ७ दिवस आधी गावात जाहीर करावी. दवंडी देऊन, किंवा लोकांपर्यंत पोहोचेल अशा दुसऱ्या एखाद्या मार्गाने. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना लेखी कळवावं, पाहणीच्या वेळी शेतात हजर राहायची विनंती करावी.

म्हणजे पाहणी ही एकट्याने वही घेऊन उरकायची गोष्ट नाही. चारचौघांसमोर, बांधावर उभं राहून, 'इथे काय पेरलंय आणि कोण कसतंय' हे पाहून लिहायचं. 'कोण कसतंय' हा भाग तर जास्तच महत्त्वाचा. उताऱ्यावर एकाचं नाव आणि शेतात दुसराच राबतोय असं दिसलं, तर त्याची वेगळी माहिती तहसीलदारांकडे जाते आणि तिथे चौकशी होते. मोठ्या शहरात नोकरीला गेलेल्या भावाची जमीन, विधवा वहिनीचा वाटा, कुळाने कसलेलं रान, या सगळ्यांची गोष्ट त्या एका रकान्यापासून सुरू होऊ शकते. त्या दिवशी तुम्ही बांधावर नसाल, तर तुमच्याबद्दल दुसराच कोणीतरी सांगतो.

आता कोणी म्हणेल, दवंडी प्रत्यक्षात दिली जायची का? माझी आजी हसून सांगते, "कोतवाल यायचा, डफडं वाजवायचा, पण ते लसीकरणाला नाहीतर वसुलीला." चावडीत बसूनच पाहणी लिहिली जाते, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. गावं जास्त आणि तलाठी एक, हेही त्यामागचं कारण असतं. नियम चांगला असला, तरी तो गावापर्यंत पोहोचतोच असं नाही.

मग फोन आला

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. कल्पना सरळ आहे. तलाठ्याची वाट बघू नका, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, त्यातल्या काही नोंदी तपासायच्या. शेजारच्या कर्नाटकातही २०२० च्या खरिपात शेतकऱ्यांनीच ॲपवर पीक नोंदवायला सुरुवात केली. तिथे त्याला 'बेळे समीक्षे' म्हणतात. आमचे घरमालक काका दर हंगामाला त्यासाठी गावी जातात. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, बंगळुरूतल्या गच्चीवरून चालत नाही.

एका अर्थाने हा मोठाच बदल आहे. पाहणाराही शेतकरी आणि लिहिणाराही शेतकरी. मग नोटीस कशाला हवी?

हवी, कारण मुदत असते. हंगामाच्या तारखा जाहीर होतात, कधी मुदतवाढ मिळते, कधी नेटवर्क मिळत नाही. ज्याच्याकडे चांगला फोन आहे आणि जो गावातच आहे, त्याला हे सगळं कळतं. जो आजारी आहे, जी बाई एकटी आहे, जो कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला आहे, त्याच्यापर्यंत यातलं काय पोहोचतं? दवंडीची एक खासियत होती. तिला ॲप लागत नव्हतं, चार्जिंग लागत नव्हतं. डफड्याचा आवाज झाला की चुलीपुढे बसलेल्या बाईलाही कळायचं, आज काहीतरी सांगताहेत.

घराला नोटीस, शेताला नाही?

पाहणी फक्त पिकाचीच होते असं नाही. रस्ता, कालवा, कारखाना यांच्यासाठी जमीन घ्यायची असेल, तर सगळ्यात आधी मोजणीवाले येतात. आणि इथे कायद्याने शेतकऱ्याला किती मान दिला, हे पाहण्यासारखं आहे.

इंग्रजांनी १८९४ साली भूसंपादनाचा कायदा केला. त्यात लिहिलं होतं की घरात किंवा घराला लागून असलेल्या बंदिस्त अंगणात, बागेत शिरायचं असेल तर राहणाऱ्याची परवानगी घ्या, नाहीतर ७ दिवस आधी लेखी नोटीस द्या. आणि मोकळं शेत? त्याच्यासाठी अशी अट नव्हती. सरकारी माणूस यायचा, खुंट्या मारायचा, झाडं-झुडपं तोडून रेषा आखायचा. नुकसान झालं तर भरपाई मिळायची, पण येण्याआधी शेताच्या मालकाला सांगायचं बंधन नव्हतं. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ ६६ वर्षं चालला.

२०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ ने हा फरक मिटवला. जमिनीची पाहणी-मोजणी मालकाच्या किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या गैरहजेरीत करायची नाही. मालक हजर नसेल तरी काम करायचं असेल, तर त्याला हजर राहायची पुरेशी संधी दिलेली असली पाहिजे, म्हणजे किमान ६० दिवस आधी नोटीस. घराची ७ दिवसांची अट तशीच राहिली. राष्ट्रीय महामार्गासारख्या काही कामांसाठी वेगळे कायदे आहेत, त्यांची पद्धत वेगळी असते. तरीही शेताच्या मालकाने मोजणीच्या वेळी हजर असावं, हे सर्वसाधारण कायद्यात लिहिलं गेलं, ही लहान गोष्ट नाही.

साठ दिवस कशाला, असं वाटेल. मला आता वाटत नाही. ६० दिवसांत दुबईतला मुलगा येऊ शकतो. बायपास झालेला माणूस चालायला लागतो. भाऊ-बहिणी एकत्र बसून ठरवू शकतात. विहीर, पाइपलाइन, आंब्याची झाडं, गोठा यांचे कागद जमवता येतात. मोजणीच्या दिवशी ज्या झाडाची नोंद राहते, त्याची भरपाई नंतर मागताना नाकी नऊ येतात.

सगळीकडे आधी सांगून चालेल का?

हे वाचून माझी रूममेट म्हणाली, "मग हॉटेलवाल्यालाही आधी सांगायचं का, की उद्या आम्ही स्वयंपाकघर बघायला येतोय?"

प्रश्न बरोबर आहे. सगळीकडे आधी सांगितलं तर तपासणीत काही उरणारच नाही. आपल्या कृषी विभागाची 'भरारी पथकं' असतात. ती बियाणं, खत, कीटकनाशकांच्या दुकानांवर न सांगता जातात. सांगून गेली तर बनावट बियाण्याची पोती एका रात्रीत दुसऱ्या गोदामात जातील, आणि फटका बसेल तो पेरणी करणाऱ्यालाच. सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनाही ठरलेल्या वार्षिक तपासणीशिवाय काही अचानक भेटी द्याव्या लागतात. आपण शहरात जास्त पैसे देऊन सेंद्रिय भाजी घेतो, ती या विश्वासावरच.

युरोपातलं उदाहरण तर अगदी उलटं आहे. तिथे शेतकऱ्यांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यासाठी शेतावर तपासणी होते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांत म्हटलं होतं की आधी सांगायला हरकत नाही, पण ते १४ दिवसांपेक्षा जास्त आधी नको. जनावरांच्या अनुदानाची तपासणी असेल, तर सहसा ४८ तासांपेक्षा जास्त आधी नको.

फरक लक्षात आला का? आपल्या नियमात 'किमान ७ दिवस', 'किमान ६० दिवस'. त्यांच्या नियमात 'जास्तीत जास्त १४ दिवस', 'जास्तीत जास्त ४८ तास'. कारण तिथे तपासणी आहे ती मागितलेल्या पैशांची, आणि जास्त वेळ दिला तर शेजारच्याच्या गाई आणून गोठ्यात बांधता येतील! आपल्याकडची पीक पाहणी किंवा मोजणी ही कोणाला पकडण्यासाठी नसते. तिथे तुमच्या हक्काची नोंद होत असते.

मला यातून एक साधी कसोटी सापडली. तपासणी लबाडी शोधण्यासाठी असेल, तर अचानकच यावं. पण तुमच्या जमिनीबद्दल, तुमच्या पिकाबद्दल, तुमच्या नुकसानीबद्दल कागद लिहायला कोणी येणार असेल, तर आधी सांगूनच यावं. कारण त्या कागदावर उद्या तुमचं घर चालणार असतं.

पिकाला नोटीस कळत नाही

आधी सांगण्याचा आणखी एक अर्थ असतो, तो म्हणजे वेळेवर येणं.

पीक कापणी प्रयोगाचं घ्या. पीक विम्यासाठी महसूल मंडळातल्या निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करतात. त्यावरून अख्ख्या मंडळाचं उत्पन्न ठरतं. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात विम्याची भरपाई मुख्यतः याच प्रयोगांवर ठरू लागली, म्हणून त्यांचं महत्त्व आणखी वाढलं. ज्याचं शेत निवडलं गेलं त्याला आधी सांगावंच लागतं. नाहीतर पथक यायचं आणि रान कापून मोकळं झालेलं असायचं! इथे नोटीस ही शेतकऱ्याची जितकी गरज, तितकीच सरकारचीही.

नुकसानीच्या पाहणीत मात्र घड्याळ शेतकऱ्याच्या हातात नसतं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्या देशपातळीवरच्या नियमांत गारपीट, शेतात पाणी साचणं अशा नुकसानीसाठी शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत कळवायचं असतं. त्यानंतर ४८ तासांत पाहणी करणारा नेमायचा आणि १० दिवसांत पाहणी पूर्ण व्हायची. कोणत्या वर्षी कोणत्या राज्यात असं संरक्षण आहे, हे बदलत राहतं. पण यात दोन्ही बाजूंना वेळेचं बंधन आहे, हे मला आवडलं. शेतकऱ्याने सांगायला उशीर करायचा नाही आणि पाहणाऱ्यानेही यायला उशीर करायचा नाही.

उशिराने काय होतं, ते सप्टेंबर २०२५ च्या पुरात महाराष्ट्राने पाहिलं. सीना नदीला पूर आला. सोलापूर, धाराशिव, बीडकडची शेतं पाण्याखाली गेली. काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली. राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. केंद्राचं पथक पाहणीला आलं ते नोव्हेंबरात. मधल्या काळात शेतकऱ्यासमोर पेच होता. कुजलेलं सोयाबीन तसंच ठेवलं, तर पाहणाऱ्याला नुकसान दिसेल, पण रब्बीची पेरणी हुकेल. रान साफ करून हरभरा पेरला, तर पाहायला येणाऱ्याला हिरवं शेत दिसेल आणि तो विचारेल, "नुकसान कुठेय?"

केंद्रीय पथकं अंधार पडल्यावर पोहोचली आणि गाडीच्या दिव्यांच्या नाहीतर टॉर्चच्या उजेडात पाहणी झाली, अशा बातम्या आपण एकापेक्षा जास्त वेळा वाचल्या आहेत. पथकाचा दौरा तर आधीच ठरलेला असतो, जाहीरही होतो. पण दिवसभर रस्त्याकडेला वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला रात्री आठ वाजता पाच मिनिटं मिळत असतील, तर त्या नोटिशीचा त्याला काय उपयोग? तारीख कळणं म्हणजे अर्धंच काम. त्या तारखेला, त्या वेळेला, उजेडात येणं हे उरलेलं अर्धं.

गावापासून लांब राहणाऱ्यांनी काय करावं?

आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. आई-वडील गावी, मुलं शहरात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं. आमच्या अनुभवातून शिकलेल्या या काही गोष्टी तुमच्याही उपयोगी पडतील.

• एकाने जबाबदारी घ्या. 'तो करेल' असं दोघांनाही वाटलं की काम राहतंच. पीक पाहणी कोण करणार, हे हंगामाच्या सुरुवातीलाच नाव घेऊन ठरवा.

• नोंद केल्यावर उतारा बघा. ॲपवर 'नोंद झाली' दिसलं म्हणजे संपलं असं समजू नका. काही दिवसांनी सातबारा ऑनलाइन काढा आणि पिकाचा रकाना वाचा. चूक लवकर दिसली, तर लवकर सुधारता येते.

• 'आपली चावडी' पाहायची सवय लावा. महाराष्ट्र सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर ही सोय आहे. तुमच्या गावातल्या फेरफाराच्या आणि मोजणीच्या नोटिसा तिथे दिसतात. गावच्या चावडीवर चिकटवलेला कागद बंगळुरूतून वाचता येत नाही, पण हा वाचता येतो. महिन्यातून एकदा पाच मिनिटं द्या.

• फेरफाराची मुदत विसरू नका. जमिनीच्या नोंदीत बदल होणार असेल, तर हरकत घ्यायला नोटिशीनंतर १५ दिवस मिळतात. आजीच्या नावाने आलेलं पाकीट न उघडता देव्हाऱ्यामागे ठेवू नका!

• शेजाऱ्याच्या मोजणीलाही जा. शेजाऱ्याने मोजणी मागवली, की लगतच्या शेतकऱ्यांनाही नोटीस येते. 'त्याची मोजणी आहे, आपल्याला काय' असं म्हणू नका. बांध दोघांचा असतो.

• स्वतः जाता येत नसेल, तर लेखी माणूस नेमा. चुलतभावाला तोंडी 'जरा बघ' म्हणण्यापेक्षा सहीचा कागद द्या. नुसतं तिथे उभं राहणाऱ्याला कोणी विचारत नाही.

• फोटो काढून ठेवा. पेरणीनंतर, फुलोऱ्यात, कापणीआधी आणि नुकसान झालं तर लगेच. फोटोत तारीख आणि ठिकाण येऊ द्या. रान साफ करण्याआधी तर नक्कीच.

• चूक झाली तर लेखीच कळवा. तहसीलदारांच्या नावे अर्ज करा आणि पोच घ्या. बाबांनी हे केलं नाही, तब्येतीमुळे. मी इथून मदत करू शकले असते, पण मला माहीतच नव्हतं.

आता दवंडी मी देते

यंदा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव मी बदललं. आधी होतं 'गुड मॉर्निंग फॅमिली', आता आहे 'आमचा बांध'. आजी त्यात नाही, तिच्याकडे साधा फोन आहे. तिला मी संध्याकाळी फोन करते. तारीख जाहीर झाली, की मी ग्रुपवर मोठ्या अक्षरांत लिहिते, वर ढोलाचं चित्र टाकते. काका चिडवतात, "आली कोतवालीण!"

घरमालक काकांना मी बाबांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग काकूंनी त्यांच्या बोलण्याचा मला समजेल असा अर्थ सांगितला. काकांच्या वडिलांच्या काळात सरकारी माणूस शेतावर आला, की त्याला नारळपाणी द्यायचे आणि मग तो काय लिहितो, ते शेजारी उभं राहून बघायचे. नारळपाणी मान म्हणून, आणि उभं राहणं हक्क म्हणून.

मला वाटतं, आधी सांगण्याचा सगळा अर्थ यात आला. येणाऱ्याने सांगून यावं आणि आपणही तिथे असावं. त्याने सांगितलं नाही तर त्याचं चुकलं, आणि सांगूनही आपण गेलो नाही तर आपलं चुकलं.

या वेळी बाबा स्वतः शेतात गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. चुलतभाऊ फोन धरून होता, बाबा सोयाबीनच्या ओळीत उभे. फोटो अपलोड झाला. आठवड्याभराने मी इथे ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून सातबारा काढला आणि पिकाचा रकाना मोठा करून वाचला.

'सोयाबीन'.

मी तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. बाबांनी उत्तरात एकच शब्द पाठवला. "पाहिलं."